रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारला कोणता सुपरचार्जर बसवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१७ सालची टोयोटा ८६, सहा गिअरची मॅन्युअल. मुक्काम कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोला. आठवड्याचे पाच दिवस कामावर जाणे-येणे, सुटीच्या दिवशी सिएरा पर्वताच्या पायथ्याशी हायवे ४९ च्या वळणावळणाच्या रस्त्यावर फेरफटका आणि वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी थंडरहिलच्या ट्रॅकवर जाणे. गाडीचे वजन, तोल, स्टिअरिंग सगळे मनासारखे आहे, फक्त मधल्या टप्प्यात पिकअप मिळत नाही. एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा टर्बो नको, पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर हवा, हे तुम्ही ठरवले आहे. पण रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल या तीन प्रकारांपैकी कोणता घ्यावा हे ठरत नाही, कारण प्रत्येक विक्रेता आपल्या किटचा कमाल अश्वशक्तीचा आकडा पुढे करतो.

इंजिनांच्या कॅलिब्रेशनचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग त्याची कारणे सांगतो. तुमच्या वापरासाठी ईटन कंपनीच्या टीव्हीएस जातीचा, म्हणजे सुधारित रूट्स प्रकारचा, इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) असलेला सुपरचार्जर घ्यावा आणि त्याचा बूस्ट, म्हणजे वातावरणाहून जास्तीचा दाब, सहा पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास ठेवावा. ट्रॅकवर जाणे वर्षातून एक-दोनदा न राहता महिन्यातून एकदा होणार असेल, तर मात्र माझे उत्तर बदलेल आणि मी सेंट्रिफ्युगल सुचवीन. ट्विन-स्क्रू हे उत्तम यंत्र आहे, पण या गाडीला आणि या वापराला तो घ्यावा असे मला वाटत नाही.

या निर्णयात कमाल अश्वशक्तीच्या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. तुमच्या इंजिनाची मूळ ताकद ७,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) २०५ अश्वशक्ती आहे आणि कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे २१२ न्यूटन-मीटर, तोही ६,४०० आरपीएमच्या पुढे. तुम्हाला जी उणीव जाणवते ती या आकड्यांत दिसत नाही. एफए२० या इंजिनाच्या टॉर्कच्या आलेखात साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान एक खळगा आहे. टोयोटाने २०१७ च्या मॉडेलमध्ये तो काहीसा भरून काढला, पण पूर्ण नाही. रस्त्यावर गाडी चालवताना ओव्हरटेक करायला किंवा वळणातून बाहेर पडताना आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा इंजिन बहुतेक वेळा नेमके याच टप्प्यात असते. सुपरचार्जर निवडताना प्रश्न विचारायचा तो हा, की हा खळगा कोण भरतो आणि तो भरताना इंजिनावर काय ओझे टाकतो.

हे नुसते म्हणण्यापेक्षा तुमच्याच गाडीच्या गिअरांवरून मोजून पाहू. २०१७ च्या मॅन्युअल गाडीचे फायनल ड्राइव्ह ४.३ आहे, दुसरा गिअर २.१८८, तिसरा १.५४१ आणि सहावा ०.७६७. मूळच्या २१५/४५ आर १७ टायरचा परीघ सुमारे १.९६ मीटर धरला, तर फ्रीवेवर ताशी ६५ मैलांच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन साधारण २,९०० आरपीएमवर चालते. हायवे ४९ वर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४५ मैलांनी जात असाल तर ते ४,१०० च्या जवळपास असते. तिसऱ्या गिअरमध्ये ७,४०० आरपीएमची लाल रेषा (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) गाठायची झाली तर वेग ताशी ८१ मैलांच्या पुढे जातो. दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा तो ५७ होतो, आणि कॅलिफोर्नियात दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी ५५ मैल आहे. म्हणजे जो सुपरचार्जर आपला पूर्ण बूस्ट लाल रेषेपाशी देतो, त्याचा पूर्ण बूस्ट तुम्हाला अशा रस्त्यांवर कायद्याच्या मर्यादेत फक्त पहिल्या गिअरमध्ये मिळणार. उरलेला सगळा वेळ तुम्ही आलेखाच्या खालच्या आणि मधल्या भागात राहता.

आता तिन्ही यंत्रांच्या स्वभावाकडे वळू. रूट्स हा प्रकार मोटारीच्याही आधीचा आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि भट्ट्यांना वारा घालण्यासाठी तो वापरात आला. एका कवचात दोन रोटर एकमेकांना न टेकता उलट दिशांनी फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा एका बाजूकडून दुसरीकडे नेतात. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की जुना रूट्स हवा आत दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो पुढे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत), तिथली दाबाची हवा रोटरच्या कप्प्यात उलटी घुसते तेव्हा. या उलट्या घुसण्यामुळे हवा गरजेपेक्षा जास्त तापते आणि रूट्सची जी बदनामी झाली ती मुख्यतः यामुळेच. पण ती बदनामी जुन्या यंत्रांची आहे. मिनी कूपर एस च्या २००२ ते २००६ च्या पिढीत ईटनचा एम४५ होता. त्याच्या रोटरांना तीन पाती आणि ६० अंशांचा पीळ असे. पुढे आलेल्या टीव्हीएसमध्ये पाती चार झाली आणि पीळ १६० अंशांचा झाला, हवा आत येण्याचे आणि बाहेर पडण्याचे मार्गही नव्याने आखले गेले. उलटी घुसणारी हवा त्यामुळे बरीच कमी झाली आणि कार्यक्षमता जी पूर्वी ५५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असे ती चांगल्या टप्प्यात ७० टक्क्यांच्या वर गेली. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ ची ६३८ अश्वशक्ती टीव्हीएसवरच उभी होती, आणि ऑडीच्या ३.० टीएफएसआय इंजिनात, म्हणजे सरळसरळ घरगुती वापराच्या गाड्यांत, टीव्हीएस १३२० वर्षानुवर्षे तक्रारीविना चालला. तुमच्या गाडीसाठी एडलब्रॉकने जे किट आणले त्यातही हाच १३२० आहे. त्यातला १३२० हा आकडा म्हणजे एका फेऱ्याला सुमारे १.३२ लिटर हवा.

तुमचे दोन लिटरचे इंजिन क्रँकच्या एका फेऱ्याला सुमारे एक लिटर हवा घेते. सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक घनफळच देणार आणि इंजिनही ठरावीक घनफळच घेणार, म्हणून या दोघांचे प्रमाण पट्ट्याच्या पुलीने एकदा ठरले की बूस्ट जवळजवळ प्रत्येक आरपीएमला सारखाच राहतो. अगदी खाली रोटरांच्या फटींतून थोडी हवा निसटते, पण अडीच हजारांच्या पुढे सहा पीएसआय म्हणजे सहाच पीएसआय.

सेंट्रिफ्युगलचे तसे नाही. त्याचे शरीर टर्बोच्या कॉम्प्रेसरसारखेच असते, फक्त त्याला एक्झॉस्टऐवजी पट्टा आणि गिअर फिरवतात. त्याचे पाते हवेला गती देते आणि पुढे त्या गतीचे दाबात रूपांतर होते. म्हणून दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,४०० आरपीएमला आठ पीएसआय देणारा सेंट्रिफ्युगल निम्म्या फेऱ्यांना दोनच पीएसआय देतो. आपल्या ४,१०० च्या ठिकाणी तो अडीच पीएसआयच्या आसपास येतो आणि २,९०० ला जेमतेम सव्वा. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय धरला तर ४,१०० आरपीएमला टीव्हीएस इंजिनाला सुमारे ४० टक्के अधिक दाबाची हवा देत असतो, तर सेंट्रिफ्युगल १७ टक्के. तापमानाची वजावट केल्यावर हे आकडे साधारण ३३ आणि १४ वर येतात. डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर दोन्ही गाड्यांचा कमाल आकडा सारखा असू शकतो, किंबहुना सेंट्रिफ्युगलचाच मोठा असेल. पण हायवे ४९ च्या वळणातून बाहेर पडताना पायाखाली जाणवणारा फरक हा असा दुपटीचा आहे.

एवढे असूनही मी सेंट्रिफ्युगलला कमी लेखत नाही. त्याची परंपरा जुनी आहे, १९५७ च्या स्टुडबेकर गोल्डन हॉकमध्येही तो होता, आणि डेन्मार्कच्या रोट्रेक्सचे यंत्र तर मला मनापासून आवडते. त्यात दात असलेले गिअर नाहीत. गुळगुळीत पोलादी चाके एकमेकांवर दाबून, विशेष तेलाच्या अत्यंत पातळ थरातून शक्ती पुढे दिली जाते. त्यामुळे एरवी सेंट्रिफ्युगलला येणारा गिअरांचा खडखडाट त्यात नसतो आणि पाते लाखाच्या घरातल्या आरपीएमपर्यंत शांतपणे जाते. त्याला स्वतःची तेलाची टाकी आणि स्वतःचा छोटा ऑइल कूलर असतो, आणि ते तेल कंपनीचेच लागते. दुसरे कुठलेही तेल घातले तर चाके घसरून यंत्र निकामी होते. जॅक्सन रेसिंगचे तुमच्या गाडीसाठीचे किट याच यंत्रावर आधारलेले आहे. ट्रॅकवर जिथे इंजिन सतत साडेपाच हजारांच्या वर ठेवले जाते, तिथे सेंट्रिफ्युगलचा आलेख अगदी योग्य जागी बसतो, आणि बंपरमागच्या हवेच्या इंटरकूलरमुळे तो फेरीमागून फेरी सारखे तापमान राखतो. ट्रॅक वाढला तर उत्तर बदलेल असे मी सुरुवातीला म्हटले ते त्यासाठी.

ट्विन-स्क्रूबद्दल थोडक्यात. स्वीडनच्या आल्फ लिझोल्म यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या या यंत्रात दोन वेगवेगळ्या आकारांचे स्क्रू हवा पुढे सरकवता सरकवताच दाबतात, त्यामुळे ते मोठ्या बूस्टवर फार कार्यक्षम ठरते. २००५ ची फोर्ड जीटी आणि डॉजच्या हेलकॅटमधला २.४ लिटरचा आयएचआय ही त्याची नामवंत उदाहरणे. पण हवा आतच दाबण्याचा हा गुण बायपास झडप (बूस्ट नको असताना हवा परत फिरवणारी) उघडी असतानाही पूर्णपणे थांबत नाही, म्हणून फ्रीवेवर निवांत जात असतानाही थोडी शक्ती आणि बराच आवाज खर्ची पडतो. दहा-बारा पीएसआयला हा सौदा परवडतो. सहा पीएसआयला त्याचा फायदा इतका थोडा उरतो, की त्यासाठी जास्तीची किंमत आणि रोजची शिट्टी पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता ज्या भागाबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत त्याकडे येतो, कारण टीव्हीएसची शिफारस करताना त्याचा धोका सांगणे माझे काम आहे. तुमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, १२.५ आहे, आणि ते बूस्टसाठी आखलेले नाही. त्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. रॉडवर दोन प्रकारचे भार येतात. लाल रेषेपाशी पिस्टनच्या जडत्वामुळे रॉड ताणला जातो. तो भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो आणि बूस्टशी त्याचा फारसा संबंध नसतो. दुसरा भार ज्वलनाच्या दाबाचा, तो रॉडला दाबतो आणि वाकवू पाहतो. तो थेट टॉर्कच्या प्रमाणात असतो. म्हणजे मधल्या फेऱ्यांत भरपूर टॉर्क देणारा सुपरचार्जर रॉडची परीक्षा जास्त घेतो, आणि त्याच कारणाने सेंट्रिफ्युगल रॉडशी दयाळूपणे वागतो. म्हणूनच मी सहा पीएसआयवर अडून बसतो. मूळची गाडी चाकांवर साधारण १७० अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर दाखवते; सहा पीएसआयने ती २२५ अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटरच्या आसपास जाते. मूळच्या रॉडवर याहून फार पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. लहान पुली लावून नऊ पीएसआय करता येतात आणि काही जण करतातही, पण मग रॉड आणि पिस्टन बदलण्याचा खर्च त्याच हिशेबात धरावा.

याला जोडूनच एक गोष्ट आहे जिला मी फार जपतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या बूस्टच्या इंजिनांत, साधारण अडीच हजार आरपीएमच्या खाली आणि मोठ्या भारावर, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो. तेलाचा थेंब किंवा साचलेला कण त्याला निमित्त होतो, आणि एकच असा स्फोट पिस्टनच्या कडा तोडायला पुरेसा असतो. साध्या नॉकिंगला, म्हणजे ठिणगीनंतर उरलेले मिश्रण आपोआप पेटण्याला, संगणक ठिणगी मागे घेऊन आवरतो. इथे ठिणगीचा संबंधच नसल्यामुळे तो उपाय चालत नाही. तुमच्या इंजिनात थेट आणि पोर्टमधून अशी दोन्ही इंजेक्शने आहेत, तरी धोका संपत नाही. सेंट्रिफ्युगलला हा प्रश्न जवळजवळ येतच नाही, कारण तिथे त्याच्याकडे बूस्टच नसतो. टीव्हीएससाठी उपाय दोन. एक, ट्यून करणाऱ्याला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलणाऱ्याला, सांगून अडीच हजारांच्या खाली इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल पूर्ण उघडू न देणे. पाय तळाला टेकला तरी झडप टप्प्याटप्प्याने उघडावी. दुसरा, एपीआय एसपी दर्जाचे तेल वापरणे, कारण २०२० मध्ये आलेल्या या दर्जात या प्रकाराची चाचणी समाविष्ट आहे. आणि अर्थात तुम्हीही सहाव्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवरून चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबून धरू नये. एक गिअर खाली घ्यावा.

उष्णतेचा हिशेब सॅक्रॅमेंटोसारख्या ठिकाणी टाळता येत नाही. बाहेर ३५ अंश असताना सहा पीएसआयला टीव्हीएसमधून निघणारी हवा, ७० टक्के कार्यक्षमता धरून, सुमारे ८० अंशांवर जाते. जुन्या पद्धतीच्या रूट्समधून ती ९३ पर्यंत गेली असती. आठ पीएसआयच्या सेंट्रिफ्युगलमधून ती ८९ च्या जवळ निघते. नीट काम करणारा इंटरकूलर टीव्हीएसच्या हवेला पन्नासच्या आसपास आणतो आणि १२.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला याहून गरम हवा मी स्वखुशीने देणार नाही. म्हणून इंटरकूलर नसलेले किट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. या एका मुद्द्यावर मी तडजोड करत नाही.

टीव्हीएसचा इंटरकूलर पाण्याचा असतो आणि मॅनिफोल्डच्या पोटात बसतो. त्याचे पाणी पुढच्या वेगळ्या रेडिएटरमधून छोट्या विजेच्या पंपाने फिरते. त्याचा गुण असा की अचानक आलेली उष्णता पाणी सामावून घेते, आणि रस्त्यावरचे ओव्हरटेक पाच-सात सेकंदांचेच असते. त्याचा दोष ट्रॅफिकमध्ये दिसतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पन्नास क्रमांकाच्या फ्रीवेवर गाड्या रांगत असताना लॅपटॉप जोडून पाहिले, तर मॅनिफोल्डमधल्या हवेचे तापमान हळूहळू वर चढताना दिसते, कारण इंजिनाच्या माथ्यावर बसलेला तो ॲल्युमिनियमचा ठोकळा खालून तापत राहतो आणि रेडिएटरला वारा मिळत नाही. अशा वेळी मोकळा रस्ता मिळताच पाय तळाला टेकवला, तर आलेखात नॉक सुधारणेची, म्हणजे नॉकिंगमुळे ठिणगी मागे घेण्याची, रेघ चार हजारांच्या आसपास दोन-तीन अंशांनी खाली जाते आणि वीस-तीस सेकंद वारा लागल्यावर पुन्हा जागेवर येते. इंजिनाला यात धोका नाही, संगणक आपले काम करत असतो; पण पंप बंद पडला असेल तर ती रेघ जागेवर येतच नाही. म्हणून पंप चालू आहे की नाही हे दर सर्व्हिसला टाकीचे झाकण उघडून पाहावे, आत पाणी हलताना दिसले पाहिजे.

सुपरचार्जर शक्ती खातो हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे प्रमाण लक्षात घ्यावे. हेलकॅटचा सुपरचार्जर पूर्ण भारावर सुमारे ८० अश्वशक्ती खातो हे वाचून लोक घाबरतात. तिथे हवा कितीतरी जास्त आणि बूस्टही मोठा असतो. तुमच्या दोन लिटरच्या इंजिनाला सहा ते आठ पीएसआयसाठी लागणाऱ्या हवेचा हिशेब केला तर लाल रेषेपाशी साधारण १४ ते २० अश्वशक्ती खर्च होतात, आणि निवांत चालताना बायपास झडप उघडी असल्याने टीव्हीएसचा खर्च नगण्य असतो.

पेट्रोलबद्दल एक खुलासा, विशेषतः पुण्या-मुंबईचे नातेवाईक तुमच्याशी या विषयावर बोलत असतील म्हणून. कॅलिफोर्नियातल्या पंपावरचे ९१ ऑक्टेन आणि भारतीय मापाचे ९१ हे एकच पेट्रोल नव्हे. अमेरिकेत आकडा दोन पद्धतींच्या सरासरीचा लिहितात, भारतात फक्त रिसर्च पद्धतीचा. त्यामुळे तुमच्याकडचे ९१ हे भारतीय मापाने साधारण ९५ होते. तरीही अमेरिकेतल्या इतर अनेक राज्यांत मिळणाऱ्या ९३ पेक्षा ते कमीच, आणि त्यामुळे टेक्सास किंवा मिशिगनमधल्या कुणाचा ट्यून जसाच्या तसा उचलून तुमच्या गाडीत घालू नये. ई८५ ने, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनाने, नॉकिंगचा प्रश्न बराच सुटतो, पण त्यासाठी जवळपास तीस टक्के जास्त इंधन लागते, म्हणजे मोठे पोर्ट इंजेक्टर आणि मोठा पंप आले. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

कायद्याचे पाहायचे तर कॅलिफोर्नियात स्मॉग तपासणीच्या वेळी बॉनेट उघडून पाहतात आणि सुपरचार्जरसारख्या बदलाला राज्याच्या हवा मंडळाचा, म्हणजे कार्बचा, मान्यता क्रमांक लागतो. तो डी अक्षराने सुरू होतो आणि किटबरोबर येणाऱ्या चकतीवर छापलेला असतो. तुमच्या मॉडेलच्या नेमक्या वर्षासाठी तो क्रमांक लागू आहे याची मंडळाच्या यादीत स्वतः खात्री करावी, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये. २०१६ पर्यंतच्या गाड्यांना मिळालेली मान्यता २०१७ ला आपोआप लागू होत नाही. हा क्रमांक नसेल तर वर सांगितलेले सगळे गुण बाजूला ठेवून दुसरे किट निवडावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. भारतात कुणी असा विचार करत असेल तर तिथे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय आड येतो. नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही.

टर्बो नको हा तुमचा निर्णय मला पटतो, पण त्याची एक बाजू सांगतो, कारण तुम्ही टाहो सरोवराकडे वरचेवर जात असाल. पन्नास क्रमांकाच्या रस्त्यावरची एको समिट खिंड ७,३८२ फुटांवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७६ टक्के उरतो. टर्बो जास्त फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो. पट्ट्यावरचा सुपरचार्जर ती काढू शकत नाही, तो आपले प्रमाणच राखतो. पण सहा पीएसआयच्या प्रमाणाने गुणले तर खिंडीतही तुमच्या इंजिनाला समुद्रसपाटीपेक्षा थोडी जास्त दाबाची हवा मिळते. म्हणजे आज जी गाडी त्या चढाला धापा टाकते ती सॅक्रॅमेंटोत चालते तशी चालेल, आणि हा बदल तुम्हाला कुठल्याही डायनोच्या कागदापेक्षा जास्त जाणवेल.

खर्चाची आखणी करताना किटच्या किमतीच्या निम्म्याइतकी रक्कम इतर कामांसाठी बाजूला ठेवावी. त्यात पहिला क्रमांक इंजिनाच्या ऑइल कूलरचा. हे इंजिन मुळातच तेल तापवते, आणि थंडरहिलला बूस्टवर वीस मिनिटे काढायची असतील तर कूलरशिवाय जाऊ नये. तो थर्मोस्टॅट असलेला घ्यावा, नाहीतर हिवाळ्यात तेल गरमच होणार नाही. क्लच मूळचाच काही काळ चालेल, घसरू लागला की बदलावा. ब्रेकचे पॅड आणि ब्रेक फ्लुइड मात्र सुपरचार्जर बसण्याआधी बदलावे, कारण त्याच वळणाशी तुम्ही आता जास्त वेगाने पोहोचणार. मूळचे मिशेलिन प्रायमसी टायर या गाडीला मुद्दाम कमी पकडीचे दिलेले आहेत. ते झिजेपर्यंत वापरायला हरकत नाही, पण ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ते आता सहज सुटतील हे ध्यानात ठेवावे. सुपरचार्जरच्या पट्ट्याकडे पहिल्या काही आठवड्यांत लक्ष द्यावे. पुलीभोवती काळी बारीक भुकटी दिसली किंवा पट्ट्याच्या आतल्या खाचा आरशासारख्या चमकू लागल्या, तर पट्टा घसरतो आहे. ताण तपासून घ्यावा, आणि पुली सरळ रेषेत आहेत का तेही पाहावे.

शेवटचे काम ट्यूनचे. किटबरोबर येणारा तयार ट्यून गाडी सुरू करून कार्यशाळेपर्यंत नेण्यापुरता ठीक असतो. त्यानंतर इक्यूटेकसारख्या साधनावर काम करणारा, याच इंजिनाचा अनुभव असलेला माणूस शोधावा आणि त्याला तीन गोष्टी आधीच सांगाव्यात: तुमच्याच पंपावरचे ९१ वापरायचे, लाल रेषा वाढवायची नाही आणि कमाल आकड्यासाठी ठिणगी नॉकिंगच्या कडेला नेऊन ठेवायची नाही. ट्यून उन्हाळ्यात करून घेता आला तर उत्तम. थंडीत केला असेल तर जुलैत एकदा पुन्हा लॉग (इंजिनाच्या आकड्यांची नोंद) काढून त्याच्याकडे पाठवावा. त्यात मॅनिफोल्डचे तापमान, नॉक सुधारणा, हवा-इंधन प्रमाण आणि तेलाचे तापमान हे चार स्तंभ असले की पुरे, आणि तो लॉग तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांपासून वरपर्यंतचा असावा. तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत म्हणजे ताशी ऐंशी मैल झाले, म्हणून हे काम रस्त्यावर न करता डायनोवरच करून घ्यावे.